कोपऱ्यातला पुठ्ठा

२ मार्च, मंगळवार

आजपासून आपण धंदेवाले. दुकानात उभं राहून दुसऱ्याचे टीव्ही विकण्यात निम्मं आयुष्य गेलं, आणि दुकानच बंद पडल्यावर कळलं की आपल्याला बोलण्याखेरीज काही येत नाही. तर आता कॅमेरे बसवायचे. पहिलं काम दाजींनी मिळवून दिलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. औषधांच्या मोठ्या गोदामावर गेटला रखवालदार आहेत. गेटच्या मागे दोन खोल्या आहेत, त्यात दोघांचा संसार. नोकरी आहे तोवर खोल्या आहेत.

दाजींनी मालकांना सांगितलं, "माझा मेहुणा कॅमेरे बसवतो, एकदम हुशार." तोवर मी घराबाहेर एक खिळाही ठोकला नव्हता. मालक कॅमेरे घ्यायला तयार झाले. सगळे कॅमेरे एका पडद्यावर दाखवणारं आणि रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर मात्र आधी चालवून दाखव म्हणाले, मग त्याचं लायसन घेऊ. म्हटलं, महिनाभर ट्रायल मिळते, फुकट. मालकांनी लगेच चहा मागवला.

५ मार्च, शुक्रवार

सगळे कॅमेरे लागले. खांदे भरून आलेत. कॉम्प्युटर गेटच्या केबिनमध्ये ठेवला, दाजींच्या खुर्चीशेजारी. ऑफिसात जागा नाही, कारण तिथे मालकांचा पुतण्या बसतो आणि त्याला पाय पसरायला दोन टेबलं लागतात.

सॉफ्टवेअरच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला होता. आवाज गोड, नियम कडक. ट्रायलमध्ये सगळं मिळतं. पुढे दर कॅमेऱ्याला एक लायसन घ्यायचं. नाही घेतलं तर चित्र दिसत राहतं, पण रेकॉर्डिंग थांबतं. आणि एका मशीनवर ट्रायल एकदाच.

पडद्यावर प्रत्येक चित्रावर फिक्या अक्षरांत आडवं 'ट्रायल' लिहून येतं. गेटच्या कॅमेऱ्यात ते नेमकं दाजींच्या तोंडावरून जातं. दाजींनी विचारलं, "हे काय लिहिलंय रे?"

"तात्पुरतं आहे, अजून विकत घेतलेलं नाही, असं."

"मग बरोबर लिहिलंय," दाजी म्हणाले आणि हसले. ताईनं आतून डोळे वटारले.

१९ मार्च, शुक्रवार

मालक खूश. गाडीचा नंबर वाचला जातो, शटरशी कोणी रेंगाळलं तर मोबाइलवर घंटी वाजते. ऑफिसात येईल त्याला मोबाइल काढून दाखवतात. लायसनचं काढलं की मात्र कान बंद. "चालू आहे ना? मग घाई कसली?" वर गाजर आहेच: हे नीट चाललं की बाकीच्या दोन गोदामांचं कामही तुलाच. ती दोन गोदामं मिळाली तर मी तरलो. नाही मिळाली तर परत कुणाच्या तरी दुकानात, आपल्यापेक्षा लहान मालकाला 'साहेब' म्हणत.

बायकोनं विचारलं, "लायसन घेतलं का त्यांनी?" म्हटलं, घेतील. तिनं भाजी निवडता निवडता नुसतं 'हं' केलं.

२ एप्रिल, शुक्रवार

मुदत संपत आली. बाईंना फोन करून अजून थोडे दिवस मागितले. म्हणाल्या, "सर, ट्रायल बघण्यासाठी असते, चालवण्यासाठी नाही." मी त्यांना धंदा म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी तितक्याच गोडीनं फोन ठेवला.

संध्याकाळी मालक गेटवर गाडी थांबवून म्हणाले, "काय, चालू राहणार ना तुझं?" मला सरळ म्हणता आलं असतं की परवापासून रेकॉर्डिंग बंद, लायसन घ्या. तोंडातून निघालं, "कंपनीकडून मुदत वाढवून घेतलीय." मालक दाजींकडे वळून म्हणाले, "मेहुणा कामाचा आहे तुमचा." दाजींची मान अशी ताठ झाली की मला मागे फिरताच येईना.

३ एप्रिल, शनिवार

जमलं. इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

सॉफ्टवेअर पूर्ण काढून टाकलं. जुनं रेकॉर्डिंग पुसलं गेलं, जाऊ दे. इंटरनेटची वायर काढली, म्हणजे मशीनला खरी तारीख बाहेरून कळायची नाही. मग मशीनची तारीख मागे नेली आणि सॉफ्टवेअर नव्यानं घातलं. बिचाऱ्याला वाटलं आपला आजच जन्म झाला. पुन्हा महिनाभराची ट्रायल सुरू.

यात माझी अक्कल अशी की तारीख बरोबर चार आठवडे मागे नेली. त्यामुळे वार तोच राहतो. शनिवारी मशीनमध्येही शनिवार, फक्त ६ मार्चचा. चित्रांवर येणारी तारीख बंद करून टाकली. खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीक तारीख राहते, ती काही केल्या जात नाही. कोण बघतंय.

मालकांना सांगितलं, लाइनमध्ये बिघाड आहे, थोडे दिवस मोबाइलवर दिसणार नाही. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

७ एप्रिल, बुधवार

दाजी म्हणाले, "पडद्यावर मार्च महिना दिसतोय रे." म्हटलं, "मशीनचं तसंच असतं दाजी, त्यांचा हिशेब वेगळा असतो. तुम्ही नका लक्ष देऊ."

"बरं," म्हणाले. गेटच्या वहीत ट्रकचा नंबर लिहायला लागले. सुटलो. साध्या माणसाला समजावणं सोपं असतं.

१० एप्रिल, शनिवार

दाजींनी पडद्याच्या कोपऱ्यावर चक्क पुठ्ठा चिकटवलाय. औषधाच्या खोक्याचा, बोटभर रुंद. उजेड पडतो म्हणे, डोळ्यांना त्रास होतो. नव्या कोऱ्या पडद्याची शोभा घालवली. बरं, चिकटवलाय तोही फक्त वरच्या बाजूनं, म्हणजे दारासारखा उघडतो. वय झालं की माणसाला काय काय सुचतं. राहू दिला. ताईनं जेवायला थांबवलं होतं, उगाच तोंड कडू कशाला करा.

२४ एप्रिल, शनिवार

घडलं तसं लिहितो.

सकाळी मालकांचा फोन आला. महागड्या इंजेक्शनांची दोन खोकी कमी आहेत. गुरुवारी दुपारी माल उतरला तेव्हा मोजून घेतली होती, काल सकाळच्या मोजणीतच नव्हती. "गुरुवारचं रेकॉर्डिंग काढून ठेव, मी येतो."

मी त्यांच्या आधी पोचलो. गुरुवार २२ एप्रिल आमच्या मशीनमध्ये २५ मार्च म्हणून पडलाय. तो दिवस घाईघाईनं पेनड्राइव्हवर घेतला आणि मग तारीख सरळ केली. पुठ्ठा आड येत होता, उचलावा लागला. तारीख खरी केल्याबरोबर सॉफ्टवेअरनं मुदत संपल्याची पाटी दाखवली, ती बाजूला सारली. विचार असा होता की डिस्क बिघडली म्हणून सांगायचं, दोन शिव्या खायच्या, लायसन घ्यायला लावायचं. दाजी दारात उभे राहून हे सगळं बघत होते. मालकांची गाडी आली तसे गेट उघडायला गेले.

मालक आले, मागे पुतण्या. मालकांनी २२ तारीख उघडायला सांगितली. कोरी. पुतण्या लगेच म्हणाला, "नेमकं गुरुवारीच बरं बंद पडलं? बटण कुठेय याचं?" बटण दाजींच्या खुर्चीच्या मागे आहे, हाताच्या अंतरावर.

मालक माझ्याकडे वळले. "काय रे, हे आपोआप बंद पडतं का?"

आणि मी म्हणालो, "नाही हो. असं कधीच होत नाही."

दुकानात लागलेली सवय. गिऱ्हाइकानं मालाला नाव ठेवलं की जीभ आपोआप चालते. टीव्ही जळतो का? नाही हो. आवाज फाटतो का? छे. वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं की मी काय बोललो. डिस्क बिघडल्याचं आता सांगता येत नव्हतं.

पुतण्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि हा पुठ्ठा कसला?"

"उजेड पडतो साहेब, म्हणून मीच लावला," दाजी म्हणाले.

"बघा काका, मशीनशी खेळ चाललेत यांचे."

मालकांनी दाजींना विचारलं, "तुम्ही बंद केलंत?" दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी वायरी बघत होतो. मग ते म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही, साहेब. खुर्ची सरकवताना बटणाला धक्का लागला असेल. झालं असेल माझ्याकडून."

काय गरज होती असं बोलायची? 'मी हात लावला नाही' म्हणायला काय झालं होतं? इतका भोळा माणूस गेटवर ठेवूच नये. मला त्यांचा राग आला. अजूनही येतोय. दुसऱ्या कशाचा येण्यापेक्षा तो बरा.

मालक म्हणाले, पोलिसांत जात नाही, इतक्या वर्षांची ओळख आहे म्हणून. सोमवारपासून येऊ नका, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. ताई दारातच उभी होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं तो तसाच आत नेला.

जाताना मालक मला म्हणाले, "ते लायसनचं करून टाक एकदाचं. असल्या लोकांच्या भरवशावर गोदाम चालत नाही."

२५ एप्रिल, रविवार

बायको बाजारात गेल्यावर पेनड्राइव्ह लावला. गुरुवार दुपार. ट्रक जातो. थोड्या वेळानं पुतण्या स्वतः दोन खोकी छातीशी धरून बाहेर येतो आणि आपल्या गाडीच्या डिकीत ठेवतो. चोरून नाही, आरामात, घरचा भाजीपाला ठेवावा तसा. गाडी गेटपाशी येते. दाजी गेट उघडतात आणि सलाम करतात. त्यांच्या तोंडावर तेच अक्षर: ट्रायल.

म्हणजे दाजींना ठाऊक आहे खोकी कोणी नेली. निदान गाडी गेलेली ठाऊक आहे. तरी गप्प.

हे मालकांपुढे नेलं तर काय होईल, हे तीन-चार वेळा मनात करून बघितलं. फाइलच्या नावात तारीख २५ मार्च. पुतण्या म्हणेल, मार्चमध्ये काकांनीच खोकी पोचवायला सांगितली होती. मग मला तारखेची भानगड सांगावी लागेल. मुदत वाढवून घेतली म्हणालो तेही खोटं होतं, हे सांगावं लागेल. त्यावर मालक म्हणतील, जो तारीख बदलतो तो चित्रही बदलेल. काम जाईल, दोन गोदामं जातील, आणि दाजींची नोकरी तरी परत येईल याची काय खात्री? उलट दोघंही उघड्यावर. असा विचार केला की पटतं. विचार थांबला की पटत नाही.

बायको परत आली ती थेट मागे येऊन उभी राहिली. तिनं पडदा पाहिला. विचारलं तेवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगा."

"लायसनची ऑर्डर होऊ दे. कागद हातात आला की सांगतो."

"हं," ती म्हणाली.

१ मे, शनिवार

ताई-दाजी आमच्याकडे आले. दुसरीकडे जाणार कुठे? टेम्पोत एक कपाट, दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि रखवालदाराचा दांडका. दांडका ताईनं आणला, दाजी नको म्हणत होते. बाहेरच्या खोलीत त्यांचं अंथरूण. कपाट मावलं नाही, जिन्याखाली ठेवलंय.

ताई मला दारातच म्हणाली, "तुझ्या त्या मशीननं खाल्लं आम्हाला." मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "त्याला काय बोलतेस? यंत्र आहे ते. माझाच धक्का लागला." ताई म्हणाली, "इतक्या वर्षांत एका पंख्याच्या बटणाला धक्का नाही लागला तुमचा." दाजी ट्रंक सरकवायला लागले.

ताईला ते चोर वाटत नाहीत. पण ती त्यांच्याशी बोलत नाही. गेटवर बसणारा माणूस धांदरट निघाला, याचा तिला चोरीपेक्षा जास्त राग आहे.

५ मे, बुधवार

दाजी सकाळी उठून अंघोळ करतात, गणवेशाची पँट आणि साधा शर्ट घालतात आणि खिडकीशी बसतात. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला की उभे राहतात. अर्ध्यावर लक्षात येतं, मग पाणी प्यायला उठल्यासारखं करतात. आज सकाळी मी घरात असेपर्यंत ते इतकं पाणी प्यायले की ताईनं विचारलं, बरं नाही का.

दोन ठिकाणी चौकशी केली त्यांनी. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सोडली. दाजींना खोटं बोलता येत नाही, असं मी बायकोला म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून गेली.

९ मे, रविवार

कंपनीतल्या बाईंचा फोन. ऑर्डर आली, अभिनंदन सर. दर कॅमेऱ्याला एक लायसन, कायमचं. मालकांनीही फोन केला, बाकीची दोन गोदामंही माझीच. कागद हातात आला.

मी ठरवलं होतं, कागद आला की सांगायचं. आता वाटतं, लायसन घातलं की सांगावं. बायकोनं काही विचारलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. की वाईट, कळत नाही.

जेवताना ताईनं माझ्या ताटात जास्तीचं वाढलं. पहिलं मोठं काम मिळालं म्हणून.

१४ मे, शुक्रवार

आज लायसन घातलं.

केबिनमध्ये नवा रखवालदार होता, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. मी खुर्ची ओढून बसलो. लायसनचा लांबलचक आकडा घातला आणि सगळ्या चित्रांवरचं ते फिकं अक्षर एकदम गेलं. गेट स्वच्छ दिसायला लागलं. एरवी अशा वेळी मी टाळी मागितली असती.

पुठ्ठा अजून तिथेच होता. नव्या रखवालदाराला विचारलं, उजेड पडतो का रे इथे. तो म्हणाला, "कुठला उजेड साहेब? दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो." मी वळून बघितलं. केबिनला खिडकी एकच, पडद्याच्या मागच्या भिंतीत, आणि तिच्यापुढे गोदामाची भिंत. त्या कोपऱ्यावर ऊन पडायला सूर्याला गोदामातून यावं लागलं असतं.

पुठ्ठा उचलला. खाली तारीख. तेवढीच झाकलेली, वेळ नाही, बाजूचं काही नाही. कडा ब्लेडनं सरळ कापलेल्या. मला उचलता यावा म्हणून वरच्या बाजूनंच चिकटवलेला.

पुठ्ठा हळूच सोलून खिशात घातला. नव्या रखवालदारानं विचारलं, काही बिघडलं का. नाही हो, म्हणालो.

घरी आलो. ताई आणि बायको बाहेर गेल्या होत्या. दाजी खिडकीशी. मी पुठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला.

"लागलं का रे लायसन?"

"लागलं."

"आता तारीख बरोबर दाखवतं ना?"

"हो."

"मग झालं."

मी त्यांना सगळं सांगितलं. पुतण्या, डिकी, पेनड्राइव्ह. म्हटलं, उद्या जातो, मालकांपुढे ठेवतो, काम गेलं तर गेलं. खरंच तसं वाटत होतं तेव्हा. दाजींनी ऐकून घेतलं. डिकीचं ऐकताना त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

मग म्हणाले, "नको. मालकांसमोर, हिच्यासमोर मी म्हणालोय, झालं असेल माझ्याकडून. आता तू जाऊन मला खोटा पाडू नकोस. सगळं गेलं, तेवढं राहू दे."

"पण ताई..."

"तिचा राग माझ्यावर आहे तो बरा आहे. भावावर आला तर तिला माहेर राहायचं नाही."

मी हट्ट केला नाही. एकदा म्हणायला हवं होतं, नाही दाजी, मी जाणारच. म्हणालो नाही. आणि पहिल्यांदा जे वाटलं ते इथे लिहायलाच हवं. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. लाज त्याच्यामागून आली.

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. दाजी उठले, अर्ध्यावर थांबले. या वेळी पाण्याकडे गेले नाहीत. माझ्याकडे न बघता परत खाली बसले.